आईंचं मत

सुनावणीच्या दिवशी आईंना करडाच स्वेटर हवा होता. वहिनीने निळा काढून ठेवला होता, कारण करड्याच्या कोपरावर रफू होतं आणि आज चार माणसांत जायचं होतं. आईंनी डाव्या हाताने निळा बाजूला सारला आणि तोंडाच्या एका कोपऱ्यातून काहीतरी म्हणाल्या. परक्या माणसाला तो नुसता घोगरा, ओला आवाज वाटला असता. वहिनीला शब्द न् शब्द कळला. 'लग्नाला निघालोय का आपण?'

"लग्नाला नाही हो," वहिनी म्हणाली, "पण समोर न्यायाधीशबाई असणार."

'त्यांनाही कोपर असतंच की.'

वहिनीला हसू आलं. तिने करडा स्वेटर घेतला आणि आधी उजवा, निकामी हात बाहीत घातला, मग डावा. अर्धांगवायूने आईंचं अर्धं अंग आणि जवळजवळ सगळं बोलणं नेलं होतं, पण जिभेचा तिखटपणा काही गेला नव्हता. तो आता सकाळच्या या वेळी, कपडे बदलताना, एकट्या वहिनीच्या वाट्याला यायचा. कारण तेव्हा 'बोलकी' टेबलावर चार्जिंगला लावलेली असायची.

बोलकी म्हणजे गळ्यात घालायची छोटी पेटी. ज्यांचं बोलणं लोकांना समजत नाही, त्यांचं तुटकं-फुटकं ऐकून ती स्वच्छ शब्दांत बोलून दाखवायची. आईंची बोलकी तर आईंच्याच जुन्या आवाजात बोलायची, आजारापूर्वीच्या. आईंच्या यजमानांनी, अण्णांनी, आयुष्यभर कानाची यंत्रं दुरुस्त केली. त्यांच्या दुकानात येणाऱ्या बहिऱ्या, तोतऱ्या, लकवा झालेल्या माणसांचे आवाज ते हौसेने टेपवर धरून ठेवायचे. त्या आवाजांवर थोरल्या मुलाने, म्हणजे वहिनीच्या नवऱ्याने, आणि धाकट्या लेकीने, बेबीने, मिळून यंत्राला शिकवलं आणि कंपनी उभी राहिली. मरताना अण्णांनी कंपनीची किल्ली तिघांच्या विश्वस्त मंडळाकडे दिली: आई, थोरला आणि बेबी. कंपनीचा ताबा बाहेर द्यायचा तर तिघांपैकी दोघांची संमती हवी. तिघांपैकी एकाला मत देणं जमलं नाही आणि उरलेल्या दोघांचं अडलंच, तर थोरल्याचं धरावं. असं कधी अडेल, हे अण्णांच्या स्वप्नातही नसावं.

आता ते अडलं होतं. एक बलाढ्य कंपनी बोलकी विकत घ्यायला आली होती. थोरला म्हणाला, द्यायची. बेबी म्हणाली, नाही. आईंनी बैठकीत बोलकीतून सांगितलं, नाही. आणि थोरल्याने कोर्टात अर्ज केला, की ते मत आईचं नाही, यंत्राचं आहे.

तो आत आला तेव्हा टाय हातातच होता. आईंकडे न बघता तो वहिनीला म्हणाला, "आज तुला कुणी काही विचारणार नाही. तू फक्त तिच्याजवळ बस."

"आणि विचारलं तर?"

"कशाला विचारतील? तू ना इकडची ना तिकडची."

त्याने ते सहज म्हटलं होतं. कायद्याच्या भाषेत ते खरंही होतं. पण पंचवीसेक वर्षं ज्या घरात काढली, तिथे आपण ना इकडच्या ना तिकडच्या, हे ऐकून वहिनीचा बटण लावणारा हात थांबला. घरात सगळेच तिला वहिनी म्हणत. बेबी म्हणे, कंपनीतले इंजिनियर म्हणत, अण्णा होते तेव्हा चेष्टेने तेही म्हणत. सगळ्यांची वहिनी होती ती, आणि कागदावर कुणाचीच नव्हती.

"अहो, अजूनही बेबीशी एकदा बोलून बघा ना," ती म्हणाली. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

"बोललो नाही का मी? वर्षभर बोलतोय." त्याने टाय गळ्यात अडकवला. "हे यंत्र चालवायला केवढे मोठे संगणक लागतात, माहितेय तुला? आपली चांगली पोरं दर महिन्याला कुणीतरी पळवतंय. आज मोठ्याचा हात धरला नाही, तर दोन वर्षांनी बोलकी कुणाच्याच गळ्यात नसेल. बेबीला वाटतं मी अण्णांना विकतोय. मी वाचवतोय त्यांना."

आईंनी काहीतरी म्हटलं.

"काय म्हणाली?" त्याने विचारलं.

"टाय वाकडा आहे म्हणताहेत," वहिनी म्हणाली.

तो वाकला. आईंनी डाव्या हाताने गाठ ओढून सरळ केली.

सुनावणी कोर्टाच्या मोठ्या दालनात नव्हती. आईंचा जबाब घ्यायला कोर्टाने एका निवृत्त न्यायाधीशबाईंना नेमलं होतं आणि त्यांनी बैठकीची साधी खोली निवडली होती. लांब टेबल, पाण्याचा जग, कोपऱ्यात जबाब टंकणारा एक गृहस्थ. बेबी आधीच येऊन बसली होती. चाळिशी ओलांडलेली, केस कापलेली, हाताखाली पन्नास माणसं असलेली बाई. पण तिला बेबीशिवाय कुणी काही म्हणत नसे. तिच्या वकिलाला सर्दी झाली होती आणि तो सारखा रुमाल शोधत होता.

बेबी उठून आईंकडे आली आणि तिने आईंच्या गालाला गाल लावला. मग सवयीने भावाला म्हणाली, "दादा, पार्किंग मिळालं?"

"मागच्या गल्लीत," तो म्हणाला.

आणि दोघंही एकदम ओशाळली, जणू भांडणाच्या अटींत हे बसत नव्हतं.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. "आजी, मी तुम्हाला दमवणार नाही. कंपनी विकावी का, यावर तुम्ही बैठकीत काय मत दिलं होतं?"

आईंनी तोंड उघडलं, खालचा ओठ वाकडा झाला, आणि गळ्यातल्या पेटीतून तो जुना, खणखणीत आवाज आला. "मी नाही म्हटलं होतं. विकायची नाही."

थोरल्याचा उंच वकील हसतमुख होता. तो आईंच्या खुर्चीजवळ आला आणि अदबीने वाकला. "आजी, एक छोटीशी विनंती. काहीही बोलायचं नाही. नुसतं 'अं' म्हणायचं. म्हणाल?"

आईंनी बेबीकडे पाहिलं, मग 'अं' केलं.

पेटी म्हणाली, "जरा पाणी देता का मला?"

"आजी, तुम्हाला पाणी हवंय?"

आईंनी मान हलवली. नको.

"पुन्हा एकदा. नुसतं 'अं'."

"आज खोलीत फार गार आहे, नाही?" पेटी म्हणाली, त्याच प्रेमळ, खणखणीत आवाजात.

टंकणाऱ्या गृहस्थाला हसू आवरलं नाही. आईंनी डावा हात पेटीवर ठेवला, एखाद्या आगाऊ मुलाच्या तोंडावर ठेवावा तसा.

"दोन हुंकार," वकील म्हणाला, "आणि दोन अख्खी वाक्यं. आजींच्या मनात नसलेली, आजींच्या आवाजात. शितावरून भाताची परीक्षा आपण सगळेच करतो, बाईसाहेब. पण हे यंत्र शीत नसतानाही भात वाढतं. मग 'विकायची नाही' हे कुणाचं वाक्य? आजींचं, की ज्यांच्या हाताखाली हे यंत्र शिकतं त्या त्यांच्या कन्येचं?"

बेबी उभी राहिली होती. तिचा वकील तिची बाही ओढत होता. "यंत्र अंदाज करतं, हे खरंय. अर्धवट शब्द पुरा करतं. ज्यांना एकेका शब्दासाठी घाम फुटतो त्यांचे कष्ट वाचावेत म्हणून. पण नाही म्हटलेल्याचं हो करत नाही. कधीच नाही." ती थांबली. मग हळू आवाजात वकिलाला म्हणाली, "नुसता हुंकार दिला की असं होतं, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

वकिलाने हातातले कागद सारखे केले.

"आम्हा दोघांशिवाय हे कुणाला माहीत नाही," बेबी म्हणाली. ती आता भावाकडे बघत होती. "तो भाग तू लिहिलायस, दादा. अण्णांना रडू आलं होतं तो चालला तेव्हा."

थोरला समोरच्या पाण्याच्या जगाकडे बघत राहिला. वहिनीला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. तिला आठवलं, किती महिने हा माणूस त्या अंदाजाच्या मागे लागला होता. जेवताना तिच्या तोंडातलं अर्धं वाक्य पुरं करून विचारायचा, बरोबर? आज त्याने आपलीच सर्वांत सुंदर गोष्ट परक्याच्या हातात दिली होती, मोडून दाखवायला.

न्यायाधीशबाईंनी बराच वेळ काही लिहिलं. मग म्हणाल्या, "पेटी काढा. आजी, तुमच्या स्वतःच्या तोंडून सांगा. सावकाश."

वहिनीनेच पेटी काढली. आईंनी श्वास घेतला. शब्द यायला वेळ लागला. लाळ आली, ती त्यांनी डाव्या मनगटाने पुसली आणि परत सुरुवात केली. खोलीतल्या सगळ्यांनी काहीतरी घोगरं, लांबलचक ऐकलं.

वहिनीने ऐकलं: 'मत माझंच होतं. पण ह्याला चारचौघांत खोटं पाडू नका.'

"काही कळलं?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"मत माझं, असं म्हणाली," बेबी घाईने म्हणाली. "पुढचं नाही लागलं."

"तुम्ही पक्षकार आहात. तुमचं धरता येणार नाही." त्यांची नजर टेबलावरून फिरली आणि थांबली. "तुम्ही सूनबाई ना? दिवसभर यांच्यासोबत तुम्हीच असता. अर्जात तुमचं नाव नाही. तुम्हाला काय ऐकू आलं?"

थोरल्याने मान वर केली नाही. त्याने काही खुणावलं असतं, डोळे वटारले असते, तर कदाचित वहिनीने खरं सांगून टाकलं असतं. पण तो नुसता बसून होता, सरळ केलेल्या टायमध्ये, शिक्षेची वाट बघणाऱ्या पोरासारखा. बेबी तिच्याकडे आशेने बघत होती. तिला क्षणभर बेबीचा रागही आला. वर्षभर ही आईशी पेटीतून बोलत होती. या घरात पेटीशिवाय आईंना समजणारं कुणी आहे, हे आज, अडल्यावर, सगळ्यांच्या लक्षात आलं होतं.

चारचौघांत खोटं पाडू नका. आईच म्हणाल्या होत्या. वहिनीने त्या बोलण्याची दुसरी अर्धी बाजू घट्ट पकडली आणि पहिली सोडून दिली.

"मला नीट कळलं नाही," ती म्हणाली.

टंकणाऱ्याने ते टंकलं. आईंनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात ओळखीचं समजून हाक मारावी आणि माणूस दुसरंच निघावं, तसं त्यांनी पाहिलं आणि मग खिडकीकडे तोंड वळवलं.

बाहेरच्या व्हरांड्यात बेबीने तिला गाठलं. थोरला गाडी आणायला गेला होता.

"वहिनी, तुला कळलं होतं."

"नाही ग."

"तुला आईची जांभईसुद्धा कळते." बेबीच्या आवाजात चिडचिड नव्हती, नुसता थकवा होता. "मी तुला काही म्हणत नाही. तुला त्याच्या घरात राहायचंय. मला एवढंच सांग, ती माझ्या बाजूने बोलली का?"

वहिनीने चाकाच्या खुर्चीची मूठ धरली. आई दोघींच्या मध्ये होत्या आणि डोळे मिटून होत्या.

"त्या कुणाच्याच विरुद्ध बोलल्या नाहीत," ती म्हणाली.

"हे उत्तर झालं का?" बेबी म्हणाली आणि जिन्याने उतरून गेली.

दुपारी आईंना निजवल्यावर वहिनी स्वयंपाकघरात आली. थोरला बूट काढून तिथेच बसला होता. एक बूट अजून हातात होता.

"खरंच काही कळलं नाही तुला?"

"कळलं."

तिने त्याला दोन्ही वाक्यं सांगितली. त्याने पहिलं ऐकलं तेव्हा तो हलला नाही. दुसरं ऐकलं तेव्हा त्याने बूट खाली ठेवला, अगदी हळू, काचेचा असल्यासारखा.

"मला खरंच वाटत होतं," तो म्हणाला, "की ते पेटीचं मत आहे. म्हणजे... वाटून घेतलं होतं मी. रोज थोडंथोडं." मग म्हणाला, "तू बोलली का नाहीस?"

"तुम्हाला खोटं पाडायचं होतं मी? त्यांनी नको म्हटल्यावर?"

"तिचं अर्धंच ऐकलंस."

"तुम्ही तर तेवढंही ऐकलं नाहीत."

त्याने वकिलाला फोन लावला. वहिनीला पलीकडचा हसतमुख आवाज अस्पष्ट ऐकू येत होता. जबाब नोंदवला गेला आहे. आता फिरवलात तर पत्नीने खोटं सांगितलं असं होईल, त्याचे परिणाम त्यांना भोगावे लागतील. शिवाय साहेब, जिंकताय तुम्ही. थोरल्याने फोन ठेवला. वहिनीला वाटलं, तो म्हणेल, चल, जाऊ आणि सांगू, होऊ दे काय व्हायचं ते. तो म्हणाला असता तर ती गेली असती. निदान पुढे कित्येक महिने ती स्वतःला असं सांगत राहिली.

"राहू दे," तो म्हणाला.

निकाल लागला. आईंचं मत संशयास्पद म्हणून बाद झालं, दोघांचं अडलं, आणि अण्णांनी लिहिल्याप्रमाणे थोरल्याचं धरलं गेलं. कंपनी गेली. आणि मग घेणाऱ्यांनी आवळा देऊन कोहळा काढला. त्यांना पेटी नकोच होती. त्यांना हवं होतं ते मागचं डोकं, तुटक्या आवाजातून माणसाचं मन ओळखणारं. ते त्यांनी तक्रारीच्या फोनवर बसवलं, चिडलेलं गिऱ्हाईक चटकन ओळखू यावं म्हणून. बोलकी बंद करताना त्यांनी कारण दिलं, की या यंत्रावर विसंबता येत नाही, असं खुद्द मालकांच्याच वकिलांनी कोर्टात दाखवून दिलं आहे. इस्पितळांनी ते वाचलं आणि पेट्या परत पाठवल्या. थोरल्याला काचेची खोली मिळाली आणि दारावर मोठा हुद्दा. तो रोज वेळेवर जायचा आणि संध्याकाळी, कुणी विचारलं नाही तरी, आज फार काम होतं म्हणून सांगायचा. एकदा एका बाईचा घरी फोन आला. नवऱ्याची पेटी हल्ली चुका करते, कुणाला दाखवायची? थोरला बराच वेळ नुसता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "तुम्हीच त्यांच्याजवळ बसा थोडं. कळायला लागतं."

आईंनी त्या दिवसानंतर पेटी गळ्यात घातली नाही. वहिनीशी त्या बोलायच्या. पाणी. उशी. खिडकी लाव. एवढंच. करड्या स्वेटरवरून नाही, शेजारणीवरून नाही, कशावरूनच एकही तिखट वाक्य आलं नाही. वहिनी सकाळी कपडे घालताना मुद्दाम वेंधळेपणा करायची, उलटी बाही घालायची, आईंनी टोचून बोलावं म्हणून. आई हात पुढे करून थांबायच्या.

बेबी दुसऱ्या गावी गेली होती. वर्ष उलटून गेल्यावर, थोरला कामावर असताना, ती आली. तिने दारातच बूट काढले, वहिनीला 'कशी आहेस' विचारलं आणि आत जाऊन पलंगाशी खुर्ची घेतली. आईंचा डावा हात तिने दोन्ही हातांत धरला. आई बोलू लागल्या. बेबीने कान जवळ नेला, परत परत 'काय?' म्हटलं, आणि शेवटी दाराशी उभ्या असलेल्या वहिनीकडे वळली.

"तू सांगशील?"

वहिनी पुढे आली. आई तिच्याकडे न बघता, लेकीकडे बघत बोलत राहिल्या. बरंच बोलल्या. मध्ये दोनदा दम लागला. वहिनीने सगळं ऐकून घेतलं. हे बदलून सांगितलं असतं, थोडं गाळलं असतं, तर या घरात ते ओळखणारं कुणी नव्हतं.

"आई म्हणताहेत," ती म्हणाली, "हिच्यावर राग धरू नकोस. नवऱ्याला राखायला गेली. बायका जातात. माझी सेवा हिने कधी चुकवली नाही." तिने पुढचंही गाळलं नाही. "पण महत्त्वाचं काही असलं, तर ते हिच्या तोंडून ऐकू नकोस. माझ्यासमोर बस आणि माझं बोलणं शिक."



"असं म्हणाली?" बेबीने विचारलं.

"असंच म्हणाल्या."

बेबीने तिच्याकडे पाहिलं. मग खुर्ची आणखी पुढे ओढली, गुडघे पलंगाला टेकेपर्यंत. आई एकच शब्द सावकाश म्हणू लागल्या. ओठ मिटायला त्यांना त्रास व्हायचा, त्यामुळे शब्दाची सुरुवात हवेतच जायची.

"खिडकी?" बेबी म्हणाली. "नाही? पेटी? पेटी हवीय का तुला?"

आईंनी मान हलवली आणि पुन्हा म्हणाल्या.

वहिनीला तो पहिल्याच वेळी कळला होता. तिने खिडकीच्या चौकटीला पाठ टेकली आणि तोंड मिटून उभी राहिली.

"परत म्हण ना, आई," बेबी म्हणाली. "हळू म्हण."

आई परत म्हणाल्या. लेकीला त्या तिचंच नाव सांगत होत्या.